नोंदीचा आकृतिबंध : ज्ञानकोश ते विकिपीडिया

कोशातील नोंद म्हणजे माहितीची तटस्थ मांडणी, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. प्रारंभ कशापासून करावा, कोणती उपशीर्षके योजावीत, लेखकाचे नाव कोठे यावे, हे निर्णय वरवर तांत्रिक भासतात. परंतु त्यांमागे ज्ञानाविषयीची एक भूमिका असते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात सिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’च्या २३ खंडांपैकी पहिले ५ प्रस्तावनाखंड आहेत. वर्णानुक्रमामुळे विषयांचे परस्परसंबंध तुटतात. येथे त्या अनुक्रमाआधी सलग ऐतिहासिक विवेचन उभे राहते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईत आकारास आलेल्या ‘मराठी विश्वकोशा’ने (पहिला खंड १९७६) हे संबंध नोंदीच्या आतच बाणाच्या खुणेने जोडले आणि अखेरीस लेखकाचे नाव छापून उत्तरदायित्व निश्चित केले.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात बाणाची जागा दुव्याने घेतली. लेखकाचे नाव नोंदीखालून हलले आणि प्रत्येक बदल टिपणाऱ्या स्वतंत्र पानावर गेले. प्रस्तावना, माहितीचौकट, विभाग, संदर्भ, वर्ग हा साचा मात्र मुख्यतः इंग्रजी आवृत्तीच्या वळणाचा आहे.

पुण्याच्या कसबा पेठेसारखा विषय या साच्याची कसोटी पाहतो. चौकट अक्षांश-रेखांश, लोकसंख्या, पिनकोड मागते. ही उत्तरे कोणत्याही उपनगराची असू शकतात. पुढे ग्रामदैवत कसबा गणपती आणि शेख सल्ल्यांचे दर्गे ‘धार्मिक स्थळां’त जातात. लाल महाल ‘प्रेक्षणीय स्थळां’त गेला, तर आजची वास्तू महानगरपालिकेने १९८०च्या दशकात उभारलेली आहे, हे वाचकाच्या दृष्टीआड होते, सतराव्या शतकातील वाडा आणि त्याचे आधुनिक स्मारक एकरूप होतात. तांबट आळीची अडचण निराळी आहे. ती ‘इतिहासा’त घातली, तर आजही चालू असलेले ठोक्याचे काम गतकाळात जमा होते, ‘अर्थव्यवस्थे’त घातली, तर पेठेच्या घडणीशी असलेले तिचे नाते सुटते. शिवाय कारागिरांचे ज्ञान बव्हंशी मौखिक आहे. छापील आधाराचा आग्रह कपोलकल्पित मजकुराला आवर घालतो. तोच आग्रह या ज्ञानालाही नोंदीबाहेर ठेवतो.

वस्तुतः पेठेला स्वतःची मांडणी आहे. तांबट आळी, कागदीपुरा ही नावेच व्यवसाय, वस्ती आणि काळ यांना एकत्र बांधतात. आळीनिहाय विभाग योजल्यास हे संबंध नोंदीतही टिकू शकतील. छापील खंडात एकदा ठरलेली रचना पुढील आवृत्तीपर्यंत अटळ असते. विकिपीडियात ती केव्हाही बदलता येते. उपशीर्षकांची निवड हाही अर्थनिर्णयच आहे, हे संपादकांनी मान्य केले, तरच या सोयीचा उपयोग होईल.