ज्वालांतून वाचलेले सात उद्गार

प्रभू येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर पवित्र शुक्रवारी चिंतन करण्याची परंपरा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. संगीतकारांनी ते स्वरांत बांधले, चित्रकारांनी क्रुसावरील प्रभू रंगांत उतरविला. परंतु हे सातही उद्गार कॅमेऱ्याच्या साहाय्याने साकार करण्याचे धाडस १८९८ साली एका अमेरिकन छायाचित्रकाराने केले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

फ्रेड हॉलंड डे (१८६४-१९३३) हा मॅसॅच्युसेट्समधील नॉरवुडच्या सधन घराण्यातला ग्रंथप्रेमी गृहस्थ. तो स्वतः कॅथलिक नव्हता; मात्र कॅथलिक कवयित्री लुईस इमोजेन गायनी ही त्याची जिवलग स्नेही होती. पुढे जगद्विख्यात झालेल्या खलील जिब्रानला पोरवयात आधार दिला तो यानेच. छायाचित्रण ही केवळ यंत्राची करामत नसून चित्रकलेइतकीच श्रेष्ठ कला आहे, असे मानणाऱ्या ‘पिक्टोरिअलिस्ट’ म्हणजे चित्रधर्मी पंथाचा तो एक अग्रणी होता.

ख्रिस्ताची भूमिका त्याने स्वतःच घेतली. त्यासाठी केस व दाढी वाढविली, कित्येक महिने अन्न कमी करून देह कृश केला. नॉरवुडच्या परिसरात क्रूस उभारून त्याने दुःखसहनाचे प्रसंग टिपले. ‘सात उद्गार’ या मालिकेत मात्र क्रूस नाही, सैनिक नाहीत, गर्दी नाही. आहे तो केवळ काटेरी मुकुट घातलेला चेहरा. कॅमेऱ्याला आरसा जोडून तो आपल्या मुद्रेवरील भाव न्याहाळीत असे. क्षमेच्या उद्गारापासून आत्मसमर्पणापर्यंत तो चेहरा हळूहळू मिटत जातो.

साहजिकच वादळ उठले. लंडनमध्ये १९०० साली डेने अमेरिकन छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हाही टीकेचा भडिमार झाला. चित्रकार जिवंत माणसाला समोर बसवूनच ख्रिस्त रंगवितो, मग छायाचित्रकाराने काय पाप केले, असा बचाव समर्थकांनी केला. हा युक्तिवाद आम्हांला पूर्णतः पटत नाही. रंगांत मॉडेल विरघळून जातो. छायाचित्रात तो उरतोच. पाहणाऱ्याला ख्रिस्ताआधी डे दिसतो. तथापि त्याला दांभिक म्हणण्यासही आमचे मन धजत नाही. हौसेखातर महिनोन्‌महिने कोणी अर्धपोटी राहत नाही. प्रभूच्या वेदनेत शिरू पाहणाऱ्या माणसाची ती अपुरी, पण प्रामाणिक धडपड होती, असे आम्ही मानतो.

नियतीने मात्र कठोर न्याय केला. नोव्हेंबर १९०४ मध्ये डेच्या बोस्टनमधील स्टुडिओला आग लागली आणि त्याच्या बहुतेक निगेटिव्ह व छायाचित्रे भस्मसात झाली. अन्यत्र असलेल्या प्रती तेवढ्या वाचल्या. म्हणूनच त्याची मूळ छायाचित्रे आज दुर्मीळ आहेत.

ही तळहाताएवढी छायाचित्रे प्लॅटिनमची आहेत. नेहमीच्या छायाचित्रात चांदीचे कण कागदावरील जिलेटिनच्या थरात असतात व कालांतराने विटतात. प्लॅटिनम थेट कागदाच्या तंतूंत वसते आणि फिके पडत नाही. मग धोका कशाला? कागदाला! हवेतील गंधकाच्या वायूचे आम्लात रूपांतर होण्यास हीच धातू हातभार लावते. कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, कोपरे तुटतात. समोर दुसरा कागद असल्यास त्यावरही कालांतराने त्या चित्राची तपकिरी, उलटी छाया उमटते. प्रतिमा अविनाशी, पण तिचे शरीर नाशवंत! पुढे पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम दुर्मीळ झाले आणि डेने छायाचित्रण सोडले. अखेरची वर्षे त्याने नॉरवुडच्या घरात अंथरुणाला खिळून काढली.

या कथेतून आपण एक बोध घ्यावा. आपल्या घरांतही पणजोबांच्या लग्नाची, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची पिवळी छायाचित्रे ट्रंकेत पडून असतात. त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळू नये. ओल व उन्हापासून दूर, स्वच्छ कागदात ठेवावे. मऊ पेन्सिलीने मागे नावे हलकेच लिहावीत. आग एका रात्रीत जे करते, तेच आपली अनास्था पन्नास वर्षांत करते. फरक एवढाच की, अनास्थेचा धूर कोणाला दिसत नाही.