संवेदनशील : दिल आणि इलाका

साहित्यात कुणाला 'संवेदनशील' म्हटले, की तो गौरव ठरतो. कवीची ओळख करून देताना हा शब्द हमखास येतो. पोलिसांच्या दप्तरात मात्र तोच शब्द एखाद्या वस्तीपुढे लागला, की तो तिच्यावरचा डाग होतो. उर्दूतल्या 'हस्सास'चेही तेच झाले. हस्सास दिल वेगळे, हस्सास इलाका वेगळा! आम्हा मराठी लिहिणाऱ्या मुसलमानांच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ आले आहेत.

शब्दाच्या मुळाशी 'विद्' म्हणजे जाणणे हा धातू आहे. वेदना त्यातूनच आली. दुसऱ्याची वेदना जाणतो तो संवेदनशील. मग 'ठिणगी पडताच पेटणारा' हा अर्थ त्याला कसा चिकटला?

यासाठी भिवंडीकडे पाहावे लागेल. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तेथे दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा जळले. हिंदू-मुसलमान कामगारांच्या घामावर यंत्रमाग चालवणारे हे गाव मग सरकारी भाषेत 'संवेदनशील' म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील साधी माणसे पोलिसांसोबत एकत्र बसू लागली. एकमेकांची गाऱ्हाणी ऐकू लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतरच्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. दप्तरातली संवेदनशील वस्ती त्या दिवसांत खऱ्या अर्थाने संवेदनशील ठरली.

पण ही कमाई एकदाच करून भागत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून त्याच शहरात वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोन तरुण गेले, जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. चारही घरांत मातम एकच होता.

आम्हाला वाटते, वस्तीला संवेदनशील म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : तिची वेदना आपल्याला कळते का? आणि हाच प्रश्न आम्हीही रोज स्वतःला विचारला पाहिजे. त्या चार घरांपैकी आमच्या डोळ्यांत पाणी किती घरांसाठी आले?