टाकीवरची बाग

मुंबईला पाहुणे आले की त्यांना दाखवावयाच्या ठिकाणांत हँगिंग गार्डनचे नाव हमखास असते, आणि तेथे पोहोचल्यावर पाहुण्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो. "यात टांगलेले काय आहे?" समोर तर सपाट हिरवळ, आखीव वाटा आणि कातरून जनावरांचे आकार दिलेली झुडपे. या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायांखाली आहे. ज्या हिरवळीवर आपण पदर सावरून बसतो, ती जमिनीवर नाहीच. एका भल्या मोठ्या पाण्याच्या टाकीच्या छतावर ती अंथरलेली आहे. पहाटे आपल्या चाळीच्या नळाला जे पाणी येते, ते रात्री याच हिरवळीखाली मुक्कामाला असते.

"आपल्या वस्तीविषयी काही तरी लिहा," असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा भगिनींनो, मला प्रथम ही टाकीच आठवली. आपल्या मंडळाच्या किती सहली तेथे गेल्या असतील! पण खाली काय आहे हे आपणांपैकी थोड्याच जणींना ठाऊक आहे असे मला आढळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

टाकीच्या आधी तळी होती. आपण बसच्या पाटीवर सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी अशी नावे वाचतो. त्या प्रत्येक नावात एकेक बुजलेला पाणवठा आहे. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल. त्यांनी हा तलाव १७७५ मध्ये बांधविला. धोबी तलावाशी फ्रामजी कावसजींचे नाव जोडलेले आहे. गोवालिया तलावावर गवळी आपली गुरे आणीत. बाणगंगा तेवढी आपल्या भाग्याने उरली. १७१५ मध्ये रामा कामती यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि आजही तिच्या पायऱ्यांवर बसता येते.

ही तळी म्हणजे नुसती पाण्याची सोय नव्हे. बायकांना घराबाहेर पडावयास त्या काळी जी दोन-तीन मान्य कारणे होती, त्यांत देऊळ एक आणि पाणी दुसरे. कमरेवर कळशी असली की कोणी 'कुठे निघालीस?' असे विचारीत नसे. पाणवठ्यावर धुणे होई, तसेच सुखदुःखही बोलून होई. माहेरचा निरोप मिळे, सोयरिकी जुळत. पाणी भरणे हे कष्टाचेच काम होते, त्याचे गोडवे मी गाणार नाही. शिवाय प्रत्येक बाईला प्रत्येक पाणवठ्यावर उतरण्याची मुभा नव्हती, हेही विसरून चालणार नाही. तरी चार बायकांनी एकत्र बसावे अशी हक्काची उघडी जागा पाण्याच्या काठी होती, ही गोष्ट खरी.

शहर वाढले तसे तळ्यांचे पाणी पुरेना, आणि जे होते ते चांगले राहीना. १८५० नंतरच्या दशकात पावसाने दगा दिला तेव्हा तर बाहेरून पाणी आणविण्याची पाळी आली. मग हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअरची योजना सरकारने हाती घेतली. साष्टीच्या डोंगरांत मिठी नदीला बांध घालून विहार तलाव झाला आणि १८६० मध्ये लोखंडी नळांतून त्याचे पाणी मुंबईत आले. नळातील चामड्याच्या चकतीमुळे हे पाणी सोवळ्यात चालावे की नाही, असा घोळ पुष्कळ घरांतून झाल्याचे सांगतात. पण उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत पोहरा सोडणाऱ्या बाईने तो वाद फार दिवस लांबू दिला नसावा!

नळ आला आणि तळ्यांचे दिवस भरले. डास आणि हिवताप यांचे नाते शास्त्राने दाखवून दिल्यावर तर विहिरी व तळी ही रोगाची घरे ठरली. डॉ. बेंटली यांचा मुंबईच्या हिवतापावरील अहवाल १९११ मधला आहे. एकामागून एक तळी बुजली. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले असे मी म्हणेन, कारण हिवतापाने घरे बसत होती. पण तळे बुजल्यावर त्या जागेचे काय झाले, हा प्रश्न आपण विचारावयास हवा. सी. पी. टँकचा चौक झाला आणि तेथे आता गाड्यांची गर्दी. गोवालिया तलावाचे मात्र मैदान झाले. १९४२ च्या ८ ऑगस्टला 'छोडो भारत'चा ठराव झाला तो या बुजलेल्या तळ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात गेल्यावर तेथे झेंडा फडकविला तो अरुणा असफ अली या बाईने. त्या दिवशी तेथे जमलेल्या बायकांना उभे राहावयास जागा होती, कारण तळे बुजविल्यावर कोणी तेथे इमारत उठविली नव्हती. आज आपण त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो आणि मुले तेथे क्रिकेट खेळतात.

आता टाकीकडे वळू. विहारचे पाणी आले, पण ते उंचावर चढेना. पाणी आपोआप वाहून यावयाचे तर त्याचा उगम वर हवा. विहारपेक्षा उंचावर असलेला तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला, आणि त्याचे पाणी थेट मलबार टेकडीवर नेता आले. पुढल्या दशकात टेकडीच्या माथ्यावर मोठी साठवण टाकी झाली. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, आणि पुढे विसाव्या शतकात टाकी वाढविण्यात आली. आज ती पाच कप्प्यांची असून तीत सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावते. मलबार हिल, ताडदेव, ग्रँट रोड, गिरगाव, चंदनवाडी, फोर्ट, कुलाबा, एवढा सगळा मुलूख तिच्यावर अवलंबून.

तिचे काम समजावयास आपल्याला इंजिनिअर व्हावयास नको. स्वयंपाकघरातला हंडा आठवावा. नळ आपल्या वेळेला येतो, तहान आपल्या वेळेला लागते. मधली सोय हंडा करतो. तलावांकडून पाणी रात्रंदिवस सारख्या धारेने येत असते, पण आपण सगळ्याजणी पहाटे एकाच वेळी नळ सोडतो. रात्रभर टाकी भरत राहते आणि सकाळी उतारावरून पाणी आपल्या वजनाने खाली धावते. टाकी टेकडीवर आहे ती यासाठीच.

आणि हंड्यावर जसे झाकण हवे तसे टाकीवर छत हवे. ऊन पडले की पाण्यात शेवाळ धरते, धूळ-पाचोळा पडतो, डास अंडी घालतात. जवळच पारशी बांधवांचे दखमे आहेत. तेथील गिधाडांकडून पाणी विटाळू नये म्हणून टाकी झाकली, अशी कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. ती खरी असो वा नसो, पिण्याच्या पाण्याची टाकी शहाणा माणूस उघडी ठेवणार नाही, गिधाडे असोत वा नसोत. खरे कौतुक छताचे नाही, छतावर जे केले त्याचे आहे. खांबांवर तोललेले ते विस्तीर्ण छत नुसते तापत पडू द्यावयाचे, भोवती कुंपण घालावयाचे आणि 'आत येण्यास मनाई आहे' अशी पाटी लावावयाची, हे सर्वांत सोपे होते. तसे न करता त्यावर माती पसरली, हिरवळ लावली, फुलांचे ताटवे केले आणि फाटक सर्वांसाठी उघडे ठेवले. मातीच्या थराने खालचे पाणी थंड राहते, हा आणखी एक लाभ. खोल मुळांचे झाड छतावर चालत नाही, ते छत फोडील. म्हणून मध्ये झुडपे व हिरवळ, आणि मोठी झाडे कडेला. बागेला पुढे सर फिरोजशहा मेहतांचे नाव दिले गेले. १८८८ चा नगरपालिकेचा कायदा ज्यांच्या परिश्रमाने झाला, त्यांचे नाव पाण्याच्या टाकीवर असावे हे मला फार शोभून दिसते.

मलबार हिल म्हणजे बंगलेवाल्यांची वस्ती, तेव्हा बागही त्यांच्यासाठीच, असे कोणी म्हणेल. म्हणून माझगावचे उदाहरण सांगते. डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे. तेथे पूर्वी माझगावचा किल्ला होता. १६९० मध्ये सिद्दी याकूतखानाच्या स्वारीत तो उद्ध्वस्त झाला. इंग्रजांनी त्याच टेकडीवर पाण्याची टाकी बांधली आणि तिच्यावरही बाग आहे. तिला जोसेफ बॅप्टिस्टांचे नाव आहे. 'काका' बॅप्टिस्टा माझगावचेच, लोकमान्यांचे स्नेही, त्यांच्या होमरूल लीगचे १९१६ मधील अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर. ही वस्ती गोदीकामगारांची आणि गिरणीकामगारांची. दोन खणांच्या खोलीत दहा माणसे राहत, तेथल्या बायकांना संध्याकाळी लेकराला घेऊन बसावयास ही टाकीवरची बाग मिळाली. मी गेले तेव्हा एक आजीबाई कठड्याशी उभी राहून गोदीतल्या बोटी नातवाला दाखवीत होती. खाली पाणी आहे हे त्या आजीला ठाऊक होते; नातवाला मात्र ते खरे वाटेना, तो पाय आपटून पाहत होता.

याच पाण्याची एक बाजू मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तानसा आणि भातसा हे तलाव शहापूर तालुक्यातले. त्याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतात आणि बायका रणरणत्या उन्हात हंडे घेऊन उभ्या असतात. आमच्या टाकीवर बाग आहे आणि त्यांच्या दारात तलाव असून घशाला कोरड आहे.

असो. १३० वर्षांहून अधिक काळ टाकीने व बागेने गुण्यागोविंदाने संसार केला. मग २०२३ मध्ये त्या दोघींत कलागत लागली. टाकी जुनी झाली, ती पाडून मोठी बांधावयाची, असा पालिकेचा बेत जाहीर झाला. खर्च सुमारे ६९८ कोटी रुपये, टेकडीवरील ३८९ झाडे तोडावी वा हलवावी लागणार, आणि बाग कित्येक वर्षे बंद. लोक खवळले. सह्या झाल्या, सभा झाल्या. आपल्याकडेही दोन तट पडले होते, हे सभासद भगिनींना आठवत असेल. एक म्हणे, "झाडे पुन्हा लावता येतील, पण टाकी फुटली तर गिरगावाने प्यावयाचे काय?" दुसरी म्हणे, "सात वर्षे बंद झालेली बाग पुन्हा उघडलेली कोणी पाहिली आहे?" दोघींचेही बोलणे मला पटत होते, आणि दोघींचाही राग मला चुकीच्या जागी वाटत होता. पाणी हवे की बाग, असा प्रश्न बांधणाऱ्यांनी कधी घातलाच नव्हता. ज्यांच्या हाती कागद होता त्यांना टाकीचे गणित मांडताना वरची हिरवळ अडचण वाटली, आणि बाग राखू पाहणाऱ्यांतल्या काहींना खालचे पाणी आठवत नव्हते. एका जागेची दोन कामे असली की असे होते. तिची काळजी वाहणाऱ्यांना दोन्ही कामे आपली वाटली पाहिजेत. एरवी एक काम दुसऱ्याला उपरे ठरवते.

सुदैवाने घाईने कुदळ पडली नाही. आय. आय. टी. मुंबईचे प्राध्यापक व इतर जाणकार यांची समिती नेमली गेली. २०२३ च्या डिसेंबरात टाकीचा कप्पा रिकामा करून मंडळी आत उतरली. एका वेळी एकच कप्पा, म्हणजे बाकीच्यांतून शहराला पाणी चालू राहावे. कप्पे करण्यातले जुन्या बांधणाऱ्यांचे शहाणपण त्या दिवशी कामी आले. जाणकारांत एकमत झटकन झाले नाही. पुढे रुरकीच्या आय. आय. टी.चाही सल्ला घेण्यात आला, आणि २०२४ मध्ये टाकी पाडण्याचा बेत मागे पडून दुरुस्तीचा मार्ग ठरला. झाडे राहिली, बाग उघडी राहिली. दुरुस्ती मात्र वेळच्या वेळी होते की नाही, हे विचारीत राहणे आपल्याकडे आले. सह्यांच्या वेळी जितक्या जणी आल्या तितक्या या कामालाही याव्यात.

हीच युक्ती आता उलट्या दिशेनेही वापरली गेली आहे, आणि तीही आपल्यापासून दूर नाही. परळच्या हिंदमाता भागात पावसाळ्यात कमरेएवढे पाणी साचते, ते आपण सर्वांनी सोसले आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जावयास वाट उरत नाही. त्यावर उपाय म्हणून २०२१ च्या सुमारास दादरच्या प्रमोद महाजन कला पार्काखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधण्यात आल्या. मलबार हिलची टाकी हवे असलेले पाणी साठवते, या टाक्या नको असलेले. रस्त्यावरचे पाणी पंपाने त्यांत घ्यावयाचे, भरती ओसरेपर्यंत कोंडून ठेवावयाचे आणि ओहोटी लागली की समुद्राकडे सोडावयाचे. त्यामुळे हिंदमाताचे हाल संपले असे नाही, पण पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते असे तिकडे राहणाऱ्या आमच्या सभासद भगिनी सांगतात. येत्या श्रावणातील सहल त्या पार्कात न्यावी अशी माझी सूचना आहे. छत्र्या बरोबर घ्याव्यात.