ध्वनिनमुना संग्रहांची साठवण

ध्वनिनमुना संग्रह म्हणजे एखाद्या वाद्याचे किंवा कंठाचे सुटे स्वर ध्वनिमुद्रित करून ते संगणकाला जोडलेल्या कीबोर्डवरून वाजवता येतील अशा रीतीने रचलेला फाइलींचा संच होय. संगीतक्षेत्रात तो ‘सॅम्पल लायब्ररी’ या नावाने ओळखला जातो. मोठे संग्रह शेकडो गीगाबाइटांचे असतात आणि वादनाच्या वेळी त्यांतील असंख्य फाइलींमधून लहान लहान तुकडे अखंड वाचावे लागतात. त्यामुळे अशा संग्रहांसाठी फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, संक्षेपाने एसएसडी, वापरली जाते. तिची निवड करताना जाहिरातीतील कमाल वेगापेक्षा क्षमता, वाचनातील विलंब आणि राखीव प्रतीची सोय या बाबी अधिक निर्णायक ठरतात.

इतिहास

१९६३ मध्ये बाजारात आलेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीसाठी चुंबकीय फितीचा स्वतंत्र तुकडा असे व त्यावर सुमारे आठ सेकंदांचा स्वर मावत असे. १९७९ च्या फेअरलाइट सीएमआय या यंत्राने नमुने अंकीय स्वरूपात साठवले. मात्र त्यात एका आवाजासाठी केवळ १६ किलोबाइट जागा होती. पुढे दीर्घकाळ संपूर्ण नमुना रॅममध्ये मावणे आवश्यक होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गीगासॅम्पलर या प्रणालीने नमुन्याचा आरंभ रॅममध्ये ठेवून उर्वरित भाग वाजता वाजता डिस्कवरून वाचण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतर संग्रहांचा आकार झपाट्याने वाढला. २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा या संग्रहाची व्यावसायिक आवृत्ती सुमारे ६०० गीगाबाइटांची आहे.

कार्यपद्धती

४४.१ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाच्या दोन-वाहिनी ध्वनीस सेकंदाला सुमारे ०.२६५ मेगाबाइट विदा लागते. एकाच वेळी ३०० नमुने वाजत असतील, तर ही गरज सुमारे ८० मेगाबाइट होते. सरळ सलग वाचनात आधुनिक हार्ड डिस्क याहून अधिक वेग देते. परंतु नमुने डिस्कवर विखुरलेले असतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर योग्य जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी ४.१७ मिलीसेकंद लागतात आणि शीर्ष हलण्यास आणखी आठ ते नऊ मिलीसेकंद जातात. परिणामी सेकंदाला सुमारे ८० ठिकाणेच वाचता येतात. अशा स्थितीत ३०० नमुन्यांपैकी प्रत्येकाची पाळी पावणेचार सेकंदांनी येते आणि आवाज तुटतो.

एसएसडीमध्ये हलणारे भाग नसल्याने हा विलंब मिलीसेकंदाच्या दशांशाच्या आसपास असतो. त्याचा दुसरा लाभ रॅमच्या बचतीत दिसतो. प्रत्येक नमुन्याचे पहिले ६० किलोबाइट रॅममध्ये ठेवल्यास १०,००० नमुन्यांना ६०० मेगाबाइट लागतात. ही मर्यादा ६ किलोबाइटांवर आणल्यास ६० मेगाबाइट पुरतात. कॉन्टॅक्ट या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण वापरकर्त्यास बदलता येते.

निवडीचे निकष

जोडणी : साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते. वरील दर्जाचे १,००० नमुने एकत्र वाजले तरी २६५ मेगाबाइट लागतात. त्यामुळे केवळ वादनासाठी साटा सहसा पुरेशी ठरते. एनव्हीएमई प्रकारच्या अनेक ड्राइव्ह ३,५०० ते ७,००० मेगाबाइटांपर्यंत जातात. त्यांचा फायदा मुख्यतः अनेक वाद्यांचा मोठा प्रकल्प उघडताना जाणवतो. बाह्य ड्राइव्ह घेतल्यास केबल व संगणकावरील यूएसबी जोडणी तपासावी लागते. जुन्या यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सुमारे ४० मेगाबाइटच मिळतात आणि ड्राइव्हचा वेग वाया जातो.

पेशींचा प्रकार : एका पेशीत तीन बिट साठवणारी टीएलसी आणि चार बिट साठवणारी क्यूएलसी असे दोन प्रकार प्रचलित आहेत. क्यूएलसी स्वस्त असते, पण तिची लेखनक्षमता कमी असते. सॅमसंग ८७० क्यूव्हीओ या ड्राइव्हच्या एक टेराबाइट आवृत्तीस ३६० टेराबाइट लेखनाची हमी आहे. ६०० गीगाबाइटांचा संग्रह एकदा उतरवल्यास त्यातील केवळ सहाशेवा भाग खर्च होतो. नमुने एकदा लिहून वारंवार वाचले जातात आणि वाचनाने पेशी फारशा झिजत नाहीत. म्हणून या कामासाठी क्यूएलसी चालते. मात्र सुरुवातीची प्रत उतरवताना तिचा वेग बराच मंदावतो. रोजच्या ध्वनिमुद्रणासाठी टीएलसी श्रेयस्कर मानली जाते.

क्षमता : ड्राइव्ह काठोकाठ भरल्यास लेखन मंदावते. तसेच अनेक संग्रह उतरवताना संकुचित फाइली व सुटे केलेले नमुने अशा दोन्हींसाठी तात्पुरती जागा लागते.

भारतीय वाद्यांचे नमुने

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे जुने केंद्र असून मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचे नमुने घेणे साठवणीच्या दृष्टीने खर्चिक असते. पियानोच्या स्वराप्रमाणे तोही दीर्घकाळ घुमतो. शिवाय घोडीवरील जवारीमुळे त्यातील उपस्वर सतत बदलत राहतात. लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून स्वर लांबवल्यास कृत्रिमता लगेच कानाला जाणवते. म्हणून पूर्ण स्वर साठवावा लागतो. उदाहरणार्थ, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट दर्जाचा २० सेकंदांचा एक आघात ५.७६ मेगाबाइटांचा होतो. चार तारा, बारा स्वर, जोराच्या पाच पातळ्या, प्रत्येकी चार पर्यायी आघात आणि मायक्रोफोनच्या तीन जागा धरल्यास २,८८० नमुने होतात व एकट्या तंबोऱ्यास सुमारे १६.६ गीगाबाइट लागतात.

जतन

विकत घेतलेला संग्रह बहुधा पुन्हा उतरवता येतो. पण त्यास वेळ लागतो. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ६०० गीगाबाइटांना सुमारे २७ तास, तर १० मेगाबिटांवर साडेपाच दिवस लागतात. सातारा जिल्ह्यातील कोयनानगरसारख्या डोंगराळ भागात किंवा मंद जोडणी असलेल्या कोणत्याही गावात घरी ठेवलेली दुसरी प्रत हाच व्यवहार्य उपाय ठरतो. कोयना खोऱ्यात पाऊस अतिशय जोरदार असल्याने पावसाळ्यात आर्द्रता दीर्घकाळ टिकते. एसएसडीत फिरते भाग नसले तरी दमट हवेत जोडण्या गंजू शकतात. वापरात नसलेली ड्राइव्ह शोषक पुडीसह हवाबंद डब्यात ठेवणे हितावह असते.

स्वतः ध्वनिमुद्रित केलेले नमुने मात्र पुन्हा मिळत नाहीत. वाद्य दुरुस्तीला गेले, जवारी नव्याने लावली किंवा वादक हयात नसला, तर तोच नाद परत येत नाही. एसएसडी हे दीर्घकालीन जतनाचे साधन नव्हे. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार लेखनक्षमता संपलेल्या घरगुती वापराच्या ड्राइव्हने वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष विदा टिकवणे अपेक्षित असते. नव्या ड्राइव्हमध्ये हा काळ बराच अधिक असतो, तरी तापमान वाढले की तो घटतो. बिघडलेल्या एसएसडीतून विदा परत मिळवणेही अनेकदा अवघड असते. या कारणांमुळे वादनासाठी एसएसडी, मूळ ध्वनिमुद्रणांसाठी हार्ड डिस्कवरील प्रत आणि तिसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, अशी विभागणी केली जाते.

हेही पाहा

तंबोरा
मिरज
ध्वनिमुद्रण
हार्ड डिस्क