आधी ठाणे, मग कल्याण

सॉफ्टवेअर एकदम पूर्ण करून देऊ नये. वापरता येईल असा तुकडा आधी द्यावा, मग तो वाढवावा, सुधारावा, हा विचार नवा मानला जातो. वास्तविक विन्स्टन रॉइस यांनी 1970मध्येच एकामागून एक टप्पे उरकण्याची पद्धत धोक्याची ठरवली होती. गंमत म्हणजे तीच पद्धत पुढे त्यांच्या नावाला चिकटली!

ठाणे-कल्याणच्या रुळांवर हा विचार त्याहून जुना आहे. मुंबई खानदेश-वऱ्हाडला जोडायची होती; तरी 1849च्या करारात जी.आय.पी. रेल्वेला सुमारे 56 किलोमीटरचाच प्रायोगिक मार्ग मिळाला. 16 एप्रिल 1853ला गाडी ठाण्यापर्यंत आली, 1 मे 1854ला खाडी ओलांडून कल्याणला. बोरघाट 1863मध्ये आणि थळघाट 1865मध्ये खुला होईपर्यंत अलीकडचा मार्ग उतारू वाहतच होता. ही वाढ. सुधारणा झाली 1916मध्ये: मुंब्र्याच्या वळशाला पारसिकच्या 1.3 किलोमीटर बोगद्याने जवळची वाट दिली, आणि जुना मार्गही चालूच राहिला.

मात्र रुळांमधले साडेपाच फुटांचे अंतर पहिल्या गाडीआधीच ठरले होते. सॉफ्टवेअरमध्ये माहितीच्या साठ्याची मूळ मांडणी अशीच असते. ‘पुढे बघू’ म्हणणारे नेमके इथे फसतात. 1897मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती. ती रुंद करताना एकविसावे शतक उजाडले, आणि जुना मार्ग उखडावा लागला.