प्रवासात टॅबलेटसाठी टिकाऊ बॅग कशी निवडावी?

उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) : टॅबलेट ही आता केवळ महानगरांतील नोकरदारांच्या हाती दिसणारी वस्तू राहिलेली नाही. राज्य शासनाच्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, अर्थात ‘महाज्योती’ने, जेईई, नीट आणि सीईटीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले. त्यामुळे हे उपकरण ग्रामीण भागातील घरांतही पोचले. उमापूरहून शिकवणीसाठी अथवा परीक्षेसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला निघालेला विद्यार्थी एसटीने गेवराई गाठतो आणि तेथून पुढे धुळे-सोलापूर महामार्गाने जातो. सोबत पुस्तके, कपडे, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि या सर्वांच्या गर्दीत कोठेतरी टॅबलेट असतो. पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च तर होतोच. शिवाय सुटा भाग मिळेपर्यंत ऐन परीक्षेच्या तोंडावर अभ्यासही थांबतो. म्हणूनच बॅगेची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

दाब हा मोठा शत्रू

टॅबलेट पडल्यामुळे फुटतो, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, प्रवासात दाबाचा आणि वाकण्याचा धोकाही तितकाच असतो. अनेक टॅबलेटची जाडी जेमतेम ७ ते ८ मिलिमीटर असते. त्यात मोठी काच आणि तिच्यामागे पातळ, सपाट बॅटरी बसविलेली असते. गच्च भरलेली सॅक दोन आसनांमध्ये कोंबली, तिच्यावर कोणी टेकून बसले किंवा चार्जरच्या पिना काचेवर रुतल्या, तर न पडताही पडदा तडकू शकतो. वाकल्याने बॅटरीला इजा होऊन ती फुगण्याचीही भीती असते. त्यामुळे नुसती मऊ गादी पुरेशी नाही. टॅबलेटला सपाट व ताठ आधार देणारी बाजू बॅगेत असली पाहिजे. खांद्याला अडकवायची शबनम पिशवी कितीही सोयीची असली, तरी तिच्यात नेमका हाच आधार नसतो.

माप इंचांत नव्हे, सेंटिमीटरमध्ये

‘१० इंची टॅबलेटसाठी’ एवढ्या शब्दांवर बॅग घेऊ नये. इंचांचे माप पडद्याच्या कर्णाचे असते, उपकरणाच्या लांबी-रुंदीचे नव्हे. उदाहरणार्थ, १०.५ इंची सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए८ सुमारे २४.७ सेंटिमीटर लांब व १६.२ सेंटिमीटर रुंद आहे. १०.९ इंची दहाव्या पिढीच्या आयपॅडची लांबी जवळपास तेवढीच, सुमारे २४.९ सेंटिमीटर आहे. रुंदी मात्र १८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. एकाच्या मापाचा घट्ट कप्पा दुसऱ्याला अपुरा पडतो. आपला टॅबलेट कव्हरसह पट्टीने मोजावा व कप्प्याचे आतील माप त्याहून सुमारे एक सेंटिमीटरने अधिक असावे. फार सैल कप्पाही चांगला नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक टॅबलेट आत आपटत राहतो.

कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून वर उचललेला असणे ही महत्त्वाची खूण होय. बॅग जमिनीवर टेकवताना बसणारा धक्का टॅबलेटच्या कोपऱ्यांना थेट लागत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये हा कप्पा पाठीच्या बाजूला असावा आणि पडद्याची बाजू पाठीकडे ठेवावी. बाटली, डबा, चार्जर व पॉवर बँक यांना स्वतंत्र कप्पे हवेत.

कापड, शिलाई आणि चेन

बॅगेच्या कापडावर ‘६०० डी’ किंवा ‘१६८० डी’ असे लिहिलेले आढळते. ‘डी’ म्हणजे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. परंतु ही तुलना एकाच प्रकारच्या धाग्यात करावी. नायलॉन घर्षणाला अधिक दाद देत नाही, तर पॉलिएस्टर उन्हात अधिक टिकते. रेग्झिन दिसायला रुबाबदार असले, तरी काही उन्हाळ्यांनंतर त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

मात्र, कापड फाटण्याआधी बहुधा बॅगेचे सांधे उसवतात. पट्टा जेथे बॅगेला जोडलेला असतो, तेथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई आहे का, हे पाहावे. आतील कडांना गोट लावलेला असावा. उघडे धागे दिसत असतील तर ती बॅग परत ठेवावी. चेनवरील क्रमांकाचाही उपयोग होतो. ५, ८, १० हे आकडे बंद चेनच्या दात्यांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. मुख्य कप्प्याला किमान ५ क्रमांकाची चेन असावी. रनर कोपऱ्यावर अडकत असेल, तर तो पुढेही त्रास देणार हे निश्चित. चेनच्या आतून कापडी पट्टी असल्यास टॅबलेटवर ओरखडे येत नाहीत.

पाऊस, धूळ आणि ऊन

लेप दिलेले कापड पाणी अडविते. परंतु शिलाईच्या छिद्रांतून व चेनमधून ते आत झिरपते. त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबून न राहता पावसाळ्यात बॅगेवर आवरण घालावे आणि टॅबलेट आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. चेनवर झडप असल्यास धुळीपासूनही बचाव होतो.

उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील पारा ४० अंशांपलीकडे जातो. आयपॅड बंद ठेवण्यासाठी ॲपलने सांगितलेली कमाल मर्यादा ४५ अंश सेल्सिअस आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. बॅग फिक्या रंगाची घ्यावी, खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि बंद बॅगेत टॅबलेट चार्ज करू नये.

वेष्टनावरील दावे

काही कव्हरांवर ‘मिल-एसटीडी-८१०’ असे अमेरिकी लष्करी मानकाचे नाव छापलेले असते. त्यातील पडझडीच्या एका चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडली जाते; ६ पृष्ठभाग, १२ कडा व ८ कोपरे असा तो हिशेब आहे. मात्र, हे २६ आघात पाच नमुन्यांत विभागण्याची मुभाही या मानकात आहे. एसटीतील सामानाची फळी १२२ सेंटिमीटरहून उंच असते. तेव्हा दावा काहीही असो, टॅबलेटची बॅग फळीवर न ठेवता मांडीवरच ठेवणे इष्ट.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. रेल्वेच्या प्रवासात झोपताना पट्टा हाताला किंवा गळ्यात तिरपा अडकवावा. बॅग साधी व कंपनीच्या नावाचा गाजावाजा न करणारी असल्यास चोरट्यांचे लक्षही कमी जाते.

शिवून घेणेही शक्य

नवी बॅग घेणे परवडत नसल्यास जुन्या दणकट सॅकमध्ये स्वतंत्र कप्पा शिवून घेता येतो. बॅग शिवणाऱ्या कारागिराला टॅबलेटचे कव्हरसह माप द्यावे. दोन्ही बाजूंना व तळाला फोम, पडद्याच्या बाजूला पातळ ताठ पत्रा अथवा प्लास्टिकचा तक्ता, आत मऊ अस्तर आणि तळ तीन-चार सेंटिमीटर उचललेला, एवढे सांगितले तरी पुरे. धातूचा पत्रा असल्यास त्याच्या कडा दुमडून घ्याव्यात.

विकत घेताना टॅबलेट सोबत न्यावा. तो कप्प्यात ठेवून बॅगेत पुस्तके व भरलेली बाटली घालावी, पट्टे जोराने ओढून पाहावेत, चेन दहा वेळा उघडझाप करावी आणि बाहेरून तळहाताने दाबून आतील काचेवर दाब येतो का, ते तपासावे. पाच मिनिटांच्या या परीक्षेत उत्तीर्ण होणारी बॅग घ्यावी. रंग आणि नक्षीचा विचार त्यानंतर करावा.