रटर शिक्षक प्रश्नावली

रटर शिक्षक प्रश्नावली ही शाळकरी मुलांमधील भावनिक व वर्तनविषयक समस्यांची प्राथमिक चाळणी करण्यासाठी शिक्षकांनी भरावयाची प्रश्नावली आहे. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर (१९३३–२०२१) यांनी ती १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. पालकांसाठीची प्रश्नावली 'अ' आणि शिक्षकांसाठीची 'ब' अशी ही जोडी ओळखली जाते. प्रश्नावलीवरून निदान होत नाही. कोणत्या मुलाची अधिक तपासणी करावी, एवढेच तिच्यातून सूचित होते.

रचना

प्रश्नावलीत २६ लहान विधाने असून प्रत्येकाला 'लागू नाही', 'काही अंशी लागू' आणि 'निश्चित लागू' यांनुसार ०, १ किंवा २ गुण दिले जातात. एकूण ९ किंवा अधिक गुण मिळालेले मूल पुढील तपासणीसाठी निवडले जाते. अशा मुलाच्या बाबतीत दोन उपगुण पाहतात. सतत काळजी करणे, दुःखी दिसणे, नवीन गोष्टींना घाबरणे, शाळेत येताना रडणे यांवरून न्यूरॉटिक उपगुण ठरतो. तर खोटे बोलणे, चोरी, मोडतोड, आज्ञाभंग, इतर मुलांना धाकात ठेवणे यांवरून समाजविघातक उपगुण ठरतो. ज्याचे गुण अधिक, त्या गटात मूल धरले जाते.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता

दोन महिन्यांच्या अंतराने प्रश्नावली पुन्हा भरून घेतली असता दोन्ही वेळच्या गुणांमधील सहसंबंध ०.८९ आढळला, एकाच मुलाविषयी दोन वेगळ्या शिक्षकांनी दिलेल्या गुणांमध्ये तो ०.७२ होता. परंतु शिक्षकांचे एकमत होणे आणि त्यांचे मत खरे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची परीक्षा, म्हणजे सप्रमाणता, बाहेरच्या निकषावर करावी लागते. रटर यांनी त्यासाठी मानसोपचार चिकित्सालयात आलेल्या मुलांचे गुण सर्वसाधारण शाळकरी मुलांच्या गुणांशी ताडून पाहिले.

अधिक कठोर कसोटी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर लागली. तेथे १९६५ मध्ये १० व ११ वर्षांच्या सुमारे २,२०० मुलांसाठी दोन्ही प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. त्यांपैकी कोणत्याही एकीने निवडलेल्या मुलांच्या सविस्तर मुलाखती झाल्या. शिवाय यादृच्छिक पद्धतीने घेतलेला एक गटही तपासला गेला. या गटाविना चाळणीतून निसटलेली मुले किती, हे कळलेच नसते. ती धरून मानसिक विकाराचे प्रमाण ६.८ टक्के ठरले. लक्षणीय बाब म्हणजे पालक व शिक्षक यांनी जवळपास सारख्याच संख्येने मुले दर्शवली, पण ती बहुतांशी वेगळी मुले होती. वर्गात दिसणारे मूल आणि घरात दिसणारे मूल एकच असते असे नाही.

सीमागुणाचा अर्थ

विकार विरळ असला की चांगली चाळणीही अनेक निरोगी मुले पकडते. समजा, १,००० मुलांपैकी ७० जणांना विकार आहे आणि चाचणी त्यांपैकी ७० टक्के मुले ओळखते, तर निरोगी मुलांपैकी ९० टक्क्यांना योग्य रीतीने वगळते. मग ४९ मुले बरोबर सापडतील, २१ निसटतील आणि ९३ निरोगी मुलांवर खूण होईल. म्हणून ९ गुणांवरून मुलाला 'विकारग्रस्त' ठरवणे, किंवा कमी गुणांवरून निश्चिंत राहणे, दोन्ही चुकीचे ठरते. दुसऱ्या भाषेत किंवा समाजात प्रश्नावली वापरताना केवळ भाषांतर पुरत नाही. सीमागुण तेथील मुलाखतींशी पुन्हा ताडावा लागतो.

उत्तरकालीन प्रश्नावल्या

रटर यांच्या विधानांत केवळ दोषांचीच नोंद होती. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर' या २५ विधानांच्या प्रश्नावलीत मुलांच्या चांगल्या गुणांनाही स्थान मिळाले. ब्रिटनमधील ७,९८४ मुलांच्या २००० मधील अभ्यासात पालक, शिक्षक व मोठी मुले यांची उत्तरे एकत्र घेऊनही विकार असलेल्यांपैकी ६३.३ टक्केच ओळखले गेले. विकार नसलेल्यांपैकी ९४.६ टक्के योग्य रीतीने वगळले गेले. वर्तनविकार व अतिचंचलता शिक्षकांच्या अधिक लक्षात आली, तर भावनिक विकार पालकांच्या.